उच्च शुद्धतेची वितळलेली मिठं: ऊर्जासाठवण आणि अणुभट्टी यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सौरऔष्णिक प्रकल्पात उष्णता साठवणारी मिठं आणि अणुभट्टीत फिरणारी मिठं यांबद्दल विद्यार्थी विचारतात, हीट ट्रीटमेंटवाले विचारतात, अधूनमधून द्राक्षबागायतदारही विचारतात. बहुतेकांचा रोख एकच असतो: किती टक्के शुद्ध लागतं? त्याआधी ‘कशापासून शुद्ध?’ हे ठरवावं लागतं. खालची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

वितळलेलं मीठ म्हणजे नेमकं कोणतं मीठ?

कोणताही आयनिक क्षार पुरेसा तापवला की पाण्याविना द्रव होतो. खाण्याचं मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे ते एकटं सहसा कामाचं नसतं. पण दोन-तीन क्षार ठरावीक प्रमाणात मिसळले की मिश्रण बऱ्याच कमी तापमानाला वितळतं. सोडियम नायट्रेट ३०० अंशांच्या थोडं वर वितळतं आणि पोटॅशियम नायट्रेट ३३४ अंशांना. वजनाने ६० टक्के पहिलं आणि ४० टक्के दुसरं घेतलं, तर मिश्रण २२० च्या आसपास मऊ होऊ लागतं आणि २४० पर्यंत पूर्ण द्रव होतं. यालाच सोलर सॉल्ट म्हणतात. वितळल्यावर ते फिकट पिवळसर दिसतं आणि पाण्याइतकं सहज वाहतं. कारंजासारखं उडताना पाहिलं तर हा ४०० अंशांचा पदार्थ आहे हे खरंही वाटत नाही.

ढोबळमानाने तीन घराणी आहेत. नायट्रेट सौरप्रकल्पांत आणि कारखान्यांत वापरतात, फ्लोराइड बहुतेक अणुभट्टीसाठी, आणि क्लोराइड दोन्हीकडे, पण अजून मुख्यतः प्रयोगांच्या पातळीवर. शुद्धतेचे नियम प्रत्येक घराण्याचे वेगळे.

उष्णता साठवायला पाणी किंवा तेल का नको?

पाणी शंभर अंशांपुढे द्रव ठेवायचं तर दाब द्यावा लागतो, आणि हजारो टनांची दाबटाकी बांधणं परवडत नाही. सौरप्रकल्पातलं कृत्रिम तेल ४०० अंशांच्या जवळ गेलं की त्याचे रेणू तुटू लागतात. शिवाय ते महाग असतं आणि पेटतं. सोलर सॉल्ट ५६५ अंशांपर्यंत साध्या वातावरणीय दाबाला द्रव राहतं, स्वतः जळत नाही, आणि टनामागे तेलापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

एका टनात किती उष्णता मावते?

हिशोब सोपा आहे. या मिठाची विशिष्ट उष्णता किलोला अंशामागे साधारण दीड किलोज्यूल. मनोऱ्याच्या प्रकल्पात (जिथे आरसे ऊन एका उंच मनोऱ्यावर एकवटतात) थंड टाकी २९० अंशांना आणि गरम टाकी ५६५ अंशांना असते, म्हणजे फरक २७५ अंशांचा. एका टनात सुमारे ११५ किलोवॉट-तास उष्णता मावली. टर्बाइनची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर हाती वीज येते ४५ युनिटच्या आसपास.

आता स्पेनमधल्या ग्रॅनडाजवळचा अंदासोल-१ बघा. ५० मेगावॉटचा हा प्रकल्प, साडेसात तासांचा साठा, आणि त्यासाठी तब्बल २८,५०० टन मीठ. एवढं का? कारण तिथे पन्हळीसारख्या आरशांच्या नळ्यांतून तेल फिरतं, आणि तेलाच्या मर्यादेमुळे गरम टाकी ३८६ अंशांवर थांबते. थंड टाकी २९२ ला. फरक जेमतेम ९४ अंशांचा, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेला जवळपास तिप्पट मीठ लागतं. सेव्हिलजवळच्या खेमासोलार या मनोऱ्याच्या प्रकल्पात (२०११, १९.९ मेगावॉट) मीठच थेट मनोऱ्यावर तापतं. तिथे सुमारे ८,५०० टनांत पंधरा तासांची सोय झाली.

मग ‘९९.५ टक्के शुद्ध’ नायट्रेट पुरेसं आहे का?

आकडा चांगला आहे, पण त्यावरून ऑर्डर देऊ नये. उरलेल्या अर्ध्या टक्क्यात काय आहे ते पाहा.

तो अर्धा टक्का जर सल्फेट किंवा कार्बोनेट असेल तर बहुतेक वेळा निभावतं. थोडा गाळ बसेल, थंड भागांत कुठे थर जमेल. तो क्लोराइड असेल तर मात्र पोलादाचं गंजणं वाढतं, कारण पोलादावर जो ऑक्साइडचा पापुद्रा तयार होऊन आतल्या धातूला जपतो तोच क्लोराइडमुळे सैल होतो. म्हणून चांगल्या प्रतीच्या मालात क्लोराइड टक्क्याच्या दहाव्या भागाच्या घरात ठेवायचा प्रयत्न असतो. टक्केवारी क्षुल्लक वाटते, पण अंदासोलएवढ्या टाक्यांत ०.३ टक्के क्लोराइड म्हणजे ८५ टन झाले, आणि ते प्रकल्पाच्या आयुष्यभर आतच राहणार.

तिसरा मॅग्नेशियम. हा वरकरणी निरुपद्रवी दिसतो आणि पहिल्यांदा मीठ वितळवतानाच त्रास देतो. मॅग्नेशियम नायट्रेट सोडियम-पोटॅशियमच्या नायट्रेटइतकं टिकाऊ नाही. तापवताना ते फुटतं, त्यातून नायट्रोजन ऑक्साइडचा तपकिरी विषारी धूर निघतो आणि मागे मॅग्नेशियम ऑक्साइडचा चिखल राहतो. हजारो टन मीठ आठवड्यांमागून आठवडे वितळवत बसायचं असतं, तेव्हा हा धूर आवरायची वेगळी यंत्रणा लावावी लागते. खरेदीत वाचवलेले पैसे इथे परत जातात.

हे नायट्रेट येतं कुठून?

पुष्कळसं चिलीतल्या अटाकामा वाळवंटातून. तिथे ‘कालिचे’ नावाचा नायट्रेटयुक्त थर जमिनीत जवळजवळ उघडाच सापडतो. १८७९ मध्ये सुरू झालेलं चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांचं युद्ध बऱ्याच अंशी याच नायट्रेटच्या प्रदेशावरून पेटलं होतं. पुढे अमोनिया कृत्रिमरीत्या बनू लागला आणि ते वैभव ओसरलं. कालिचेत नायट्रेटसोबत क्लोराइड, सल्फेट, मॅग्नेशियम, आयोडेट आणि परक्लोरेटही असतं, म्हणून विरघळवून पुन्हा स्फटिक करण्याच्या फेऱ्या जितक्या जास्त तितका माल चांगला. नायट्रिक आम्लापासून बनवलेल्या कृत्रिम नायट्रेटमध्ये ही यादी मुळातच आखूड असते. आपल्याकडे गुजरातेत नंदेसरीला दीपक नायट्राइट सोडियम नायट्राइट आणि नायट्रेट बनवते.

आम्ही बागेला १३:००:४५ खत सोडतो. तेही पोटॅशियम नायट्रेटच ना?

हो, तेच. आणि प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. शंभर टक्के शुद्ध पोटॅशियम नायट्रेटमध्ये नत्र १३.९ टक्के आणि पालाश ४६.६ टक्के भरतं. गोणीवर ४५ लिहिलेलं असतं, म्हणजे पालाशच्या हिशोबाने शुद्धता साधारण साडेशहाण्णव टक्के. ठिबकमधून द्यायला उत्तम, कारण तिथे अट एवढीच की सगळं विरघळावं आणि ड्रिपर तुंबू नयेत. उरलेल्या तीन-साडेतीन टक्क्यांत सोडियम असेल, क्लोराइड असेल. घडाला त्याचं फारसं काही वाटत नाही.

५६५ अंशांच्या टाकीत हेच तीन टक्के वरचे सगळे त्रास घेऊन येतात. आणखी एक गोष्ट: गोळे होऊ नयेत म्हणून काही खतांच्या दाण्यांवर सेंद्रिय लेप दिलेला असतो. नायट्रेट म्हणजे जुना सोरा, शोभेच्या दारूतला मुख्य घटक. सेंद्रिय पदार्थ आणि नायट्रेट एकत्र तापवणं हा प्रयोग कोणीही करू नये. गोणीतलं खत वितळवून बघायचा विचार मनात असेल तर तो तिथेच सोडा.

५६५ अंशच का? अजून तापवलं तर?

नायट्रेट तापलं की त्यातून थोडा ऑक्सिजन सुटतो आणि नायट्राइट तयार होतं. ही क्रिया उलटते, त्यामुळे हवेच्या संगतीत समतोल राहतो. ६०० च्या पुढे मात्र नायट्राइटही फुटू लागतं, नायट्रोजनचे ऑक्साइड उडून जातात आणि मिठात ऑक्साइड आयन साठत जातात. हे आयन पोलादाचा संरक्षक पापुद्राच विरघळवतात. म्हणजे सुरुवातीला अगदी शुद्ध असलेलं मीठ जास्त तापवल्याने स्वतःच अशुद्ध होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात कार्बोनेटची भर घालतो. शुद्धता एकदा विकत घेऊन संपत नाही, हे नायट्रेटमध्ये सर्वात आधी कळतं.

नळीत मीठ गोठलं तर प्रकल्प कायमचा गेला का?

गेला नाही, पण डोकेदुखी होते. म्हणूनच प्रत्येक नळी, झडप आणि दाबमापकाच्या बारीक नळीवरसुद्धा विजेच्या तापवायच्या तारा गुंडाळलेल्या असतात. गोठलेली नळी वितळवताना एक नियम आहे: मोकळ्या टोकाकडून सुरुवात करायची. हे मीठ वितळताना फुगतं. नळीच्या मध्यावर तापवलं आणि दोन्ही बाजूंना घट्ट बुचासारखं गोठलेलं मीठ असलं, तर मधल्या द्रवाला जायला जागा नसते आणि पोलादाची नळी फुटू शकते.

गोठणं टाळायचं म्हणून नायट्राइट मिसळलेलं त्रिमिश्रण वापरतात: ५३ टक्के पोटॅशियम नायट्रेट, ४० टक्के सोडियम नायट्राइट, ७ टक्के सोडियम नायट्रेट. ते १४२ अंशांनाच वितळतं. पण त्याची वरची मर्यादाही खाली येते.

भोसरी-चिंचवडच्या सॉल्ट बाथमध्ये हेच असतं का?

बरंचसं हेच. पोलादाचे तापलेले भाग विझवायला (झटकन थंड करायला) किंवा टेम्परिंगला (पुन्हा बेताने तापवून चिवट करायला) नायट्रेट-नायट्राइटचा बाथ, म्हणजे वितळलेल्या मिठाचा हौद, वापरतात आणि तिथल्या लोकांना या मिठाचा अनुभव अनेक इंजिनिअरांपेक्षा जास्त असतो. ओला भाग बाथमध्ये गेला की पाण्याची क्षणात वाफ होऊन मीठ अंगावर उडतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. कार्बुरायझिंगच्या (पोलादात कार्बन मुरवण्याच्या) सायनाइड बाथमधून निघालेला भाग तसाच नायट्रेटमध्ये बुडवला तर स्फोट होऊ शकतो, हे मात्र नव्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगावं. सौरप्रकल्पापेक्षा फरक इतकाच की इथे बाथ खराब झाला तर गाळ काढून नवीन मीठ टाकता येतं. २८,५०० टन कोणी बदलत नाही.

सौरप्रकल्पांच्या टाक्या गळतात, ते अशुद्ध मिठामुळे का?

नेहमी मिठावर खापर फोडू नये. अमेरिकेत नेवाडातल्या टोनोपाहजवळचा क्रेसेंट ड्यून्स हा ११० मेगावॉटचा मनोरा २०१६ च्या अखेरीस गरम टाकीच्या गळतीमुळे कित्येक महिने बंद पडला. २०१९ मध्ये त्याचा वीजखरेदी करारच रद्द झाला. अशा प्रचंड टाक्यांचा पोलादी तळ तापताना पसरू पाहतो, खालचा पाया त्याला धरून ठेवतो, त्यात मीठ भरताना तापमान एकसारखं नसतं. जोडाच्या वेल्डवर ताण येऊन तडा जातो. अशा वेळी जगातलं सर्वात शुद्ध मीठसुद्धा त्या तड्यातून खालीच जाणार.

भारतात असा साठ्याचा मोठा प्रकल्प का दिसत नाही?

राजस्थानात नोखला ५० मेगावॉटचा पन्हळीसारख्या आरशांचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, पण मिठाच्या साठ्याविना. त्याच काळात साध्या सौरपॅनेलच्या किमती कोसळल्या आणि सगळ्यांचा ओढा तिकडे गेला. आरशांसाठी थेट ऊन लागतं आणि आपल्याकडच्या धुळीने ते विखुरतं, हेही एक कारण. माझं मत विचाराल तर आपल्याकडे या मिठाला पुढे वाव आहे तो आरशांपेक्षा कारखान्यांच्या वाफेत: दुपारची स्वस्त वीज घेऊन मीठ तापवायचं आणि रात्री बॉयलरऐवजी वापरायचं.

अणुभट्टीत मीठ कशासाठी?

दोन प्रकारे. एक, फक्त उष्णता वाहून न्यायला, म्हणजे नेहमीच्या भट्टीतल्या पाण्याच्या जागी. दुसरं, इंधनच मिठात विरघळवायचं, म्हणजे युरेनियमचं फ्लोराइड मिठासोबतच फिरतं आणि वेगळे इंधनदंड लागत नाहीत. दोन्हीकडे दाब कमी आणि तापमान जास्त.

हे काही कालचं खूळ नाही. अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९५४ मध्ये विमानासाठीची एक छोटी मीठभट्टी चालवून पाहिली होती. विमानात अणुभट्टी बसवायची कल्पना पुढे बारगळली, ते बरंच झालं. पण तिथूनच १९६५ ते १९६९ या काळातली प्रयोगभट्टी उभी राहिली: सुमारे आठ मेगावॉट औष्णिक क्षमता, इंधन म्हणून लिथियम, बेरिलियम, झिर्कोनियम आणि युरेनियम यांच्या फ्लोराइडांचं मिश्रण, तापमान साधारण साडेसहाशे अंश. १९६८ मध्ये तीच भट्टी थोरियमपासून मिळणाऱ्या युरेनियम-२३३ वरही चालली. आजचे बहुतेक प्रयत्न याच भट्टीच्या नोंदवह्या उघडून बसलेले आहेत.

फ्लोराइडमध्ये ऑक्सिजनची एवढी भीती का?

दोन कारणं. पहिलं इंधनाचं. मिठात ऑक्साइड वाढलं तर युरेनियम डायऑक्साइड न विरघळता तळाला बसू शकतं. इंधन एखाद्या कोपऱ्यात साठणं कोणत्याही भट्टीत चालत नाही. ओक रिजच्या लोकांनी यावर एक हुशार तोड काढली. त्यांनी मिठात पाच टक्के (मोलमध्ये) झिर्कोनियम फ्लोराइड घातलं. ऑक्साइड आलंच तर ते आधी झिर्कोनियमला पकडतं आणि युरेनियम विरघळलेलं राहतं. अशुद्धी येणारच असं धरून केलेली ही आखणी मला आकड्यांच्या शर्यतीपेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते.

दुसरं कारण धातूचं. हवेत किंवा नायट्रेटमध्ये पोलाद स्वतःवर ऑक्साइडचा पापुद्रा चढवून बचाव करतं. गरम फ्लोराइड तो पापुद्राच विरघळवतं. मग धातू उघडा पडतो. त्यातल्या त्यात सर्वात आधी क्रोमियम निघून जातं, म्हणजे स्टेनलेस पोलादाला स्टेनलेस बनवणारा धातूच. त्यामुळे तिथे हॅस्टेलॉय-एन हा निकेलचा मिश्रधातू बनवला गेला: मॉलिब्डेनम भरपूर आणि क्रोमियम जाणूनबुजून फक्त सात टक्के.

पाणी हा या सगळ्यातला मूळ खलनायक. ओलसर फ्लोराइड तापवलं की पाणी ऑक्साइड मागे ठेवतं आणि हायड्रोजन फ्लोराइड वायू देतं. दोन्ही नको असलेल्या गोष्टी एकाच थेंबातून मिळतात.

असं मीठ शुद्ध करतात तरी कसं?

ओक रिजची पद्धत अजूनही पायाभूत मानली जाते. कोरडे फ्लोराइड निकेलच्या भांड्यात वितळवायचे. सुमारे ६०० अंशांवर असलेल्या द्रवात तळापासून हायड्रोजन आणि हायड्रोजन फ्लोराइड यांचं मिश्रण बुडबुड्यांनी सोडायचं. हायड्रोजन फ्लोराइड ऑक्साइडशी भिडून त्याचं पाणी करतं आणि ते वाफ होऊन वायूबरोबर बाहेर पडतं. सल्फेटमधलं गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन जातं. बाहेर येणाऱ्या वायूतलं पाणी मोजत राहायचं. ते येणं थांबलं की ऑक्साइड संपत आलं असं समजायचं.

पण याच वायूने निकेलचं भांडंही थोडं खाल्लेलं असतं, म्हणून पुढची पायरी: नुसता हायड्रोजन, ७०० अंशांच्या आसपास, तासन्‌तास. निकेल आणि लोखंडाची फ्लोराइडं त्याने धातूच्या कणांत परत येतात. क्रोमियम मात्र हायड्रोजनला दाद देत नाही. त्यासाठी बेरिलियम किंवा झिर्कोनियम धातूच मिठात टाकतात. शेवटी सच्छिद्र निकेलच्या गाळणीतून सगळं गाळून आर्गॉन या निष्क्रिय वायूखाली बंद. हे वाचायला स्वयंपाकाच्या कृतीसारखं वाटतं, पण हायड्रोजन फ्लोराइड हाडांपर्यंत पोचून जाळणारा वायू आहे. अशी कामं पदवीच्या प्रयोगशाळेत होत नसतात.

शुद्ध मीठ भट्टीत घातलं की गंजणं थांबतं?

थांबत नाही, कारण इंधन स्वतःच धातूला खातं. युरेनियम टेट्राफ्लोराइड क्रोमियमला फ्लोरिन देतं आणि स्वतः ट्रायफ्लोराइड होतं. या दोन रूपांचं प्रमाण योग्य ठेवलं तर गंजणं अगदी मंद होतं. विखंडन (युरेनियमचे अणू फुटणं) चालू असताना मात्र ते हळूहळू बिघडत जातं. त्या प्रयोगभट्टीत यासाठी पंपाच्या भांड्यात बेरिलियमची कांडी थोडा वेळ बुडवून ठेवत असत. ती जेवढी विरघळली तेवढं मीठ पुन्हा सौम्य. अणुभट्टीच्या नाजूक रसायनशास्त्राला एवढा साधा उपाय चालतो याची गंमत वाटते. टेल्युरियम या विखंडनातून निघणाऱ्या मूलद्रव्याने मात्र हॅस्टेलॉयच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पाडल्या आणि तो प्रश्न तेव्हा पुरता सुटला नव्हता.

लिथियम-७ चा एवढा गवगवा का?

कारण इथे रासायनिक शुद्धता पुरत नाही, समस्थानिकही (त्याच मूलद्रव्याचं वेगळ्या वजनाचं रूप) योग्य लागतं. निसर्गातल्या लिथियममध्ये साडेसात टक्के लिथियम-६ असतं आणि ते न्यूट्रॉन अक्षरशः गिळतं. त्याचा शोषण-छेद (न्यूट्रॉन गिळण्याची शक्यता सांगणारा आकडा, बार्न या एककात) ९४० बार्न, तर लिथियम-७ चा ०.०४५ बार्न. वीस हजार पटींचा फरक. गिळलेल्या प्रत्येक न्यूट्रॉनमागे ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) तयार होतं, हा आणखी एक ताप. म्हणून ओक रिजच्या मिठात लिथियम-७ चं प्रमाण ९९.९९ टक्के होतं.

हे वेगळं करण्यासाठी अमेरिकेने १९५० च्या दशकात ओक रिजलाच पाऱ्याची पद्धत वापरली. हेतू मुळात हायड्रोजन बॉम्बसाठी लिथियम-६ मिळवण्याचा, लिथियम-७ हा उरलेला भाग. त्यात इतका पारा सांडला की तिथल्या ओढ्याचं प्रदूषण अजून निस्तरलं जातंय. लिथियम-७ चा आजचा पुरवठा मुख्यतः रशिया आणि चीन यांच्या हातात आहे. मीठभट्ट्यांच्या उत्साही बातम्यांत ही ओळ सहसा गाळलेली असते.

क्लोराइड स्वस्त आहेत, तेच का वापरत नाहीत?

प्रयत्न चालू आहेत. सौरप्रकल्पासाठी सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमच्या क्लोराइडचं मिश्रण ७०० अंशांपुढे नेता येईल अशी आशा होती. अडचण मॅग्नेशियम क्लोराइडची. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तापवलं की पाणी नुसतं उडून न जाता हायड्रोजन क्लोराइड आणि मॅग्नेशियमचं हायड्रॉक्सिक्लोराइड देतं. त्यानंतर धातू झपाट्याने गंजतो. थोडा मॅग्नेशियम धातू मिसळून ठेवला तर बराच आळा बसतो. तरीही अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०२१ मध्ये पुढच्या पिढीच्या सौरमनोऱ्यासाठी मीठ सोडून घन कणांचा मार्ग निवडला.

जलद न्यूट्रॉनच्या भट्टीत क्लोराइड आवडतात, पण तिथेही समस्थानिक आडवं येतं. साध्या क्लोरीनमध्ये तीन-चतुर्थांश क्लोरीन-३५ असतं आणि त्यापासून तीन लाख वर्षं अर्धायू असलेलं क्लोरीन-३६ बनतं.

प्रयोगशाळेसाठी मागवलेल्या बाटलीवर ‘९९.९९ टक्के’ लिहिलंय. झालं ना?

त्याच ओळीत पुढे ‘मेटल्स बेसिस’ असं बारीक अक्षरांत आहे का ते पाहा. असेल तर त्या टक्केवारीत फक्त इतर धातू मोजलेले असतात. पाणी, ऑक्साइड, हायड्रॉक्साइड, सल्फेट हे हिशोबातच नसतात. म्हणजे चार नव्वांच्या मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये एक टक्का ओलावा असला तरी लेबल खोटं ठरत नाही. गंजण्याचा प्रयोग मात्र खोटा ठरतो. एकाच मिश्रणाच्या गंजण्याचे आकडे प्रबंधाप्रबंधांत जुळत नाहीत, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

विक्रेत्याकडे बॅचचं विश्लेषण मागा आणि त्यात ऑक्सिजन आणि ओलावा यांचे आकडे वेगळे आहेत का ते बघा. अणुभट्टीशी संबंधित काम असेल तर बोरॉन, कॅडमियम आणि गॅडोलिनियमही विचारा. रसायनशास्त्रज्ञाला त्यांचे दशलक्षांतले काही भाग दिसणारही नाहीत, पण न्यूट्रॉनना ते बरोबर दिसतात. बाटली आर्गॉनच्या ग्लव्हबॉक्समध्येच (हातमोजे जोडलेल्या बंद पेटीत) उघडा. मुंबईच्या जुलैमध्ये मॅग्नेशियम क्लोराइडची बाटली टेबलावर उघडी ठेवून चहाला गेलात तर परत येईपर्यंत तो वेगळाच नमुना झालेला असतो.

भाभा अणुसंशोधन केंद्राचा यात काय संबंध?

थेट संबंध आहे. भारताच्या त्रिस्तरीय अणुकार्यक्रमाचा तिसरा टप्पा थोरियमचा, आणि थोरियमला मिठात विरघळवून वापरणं हा त्यातला एक स्वाभाविक मार्ग. ट्रॉम्ब्यात इंडियन मोल्टन सॉल्ट ब्रीडर रिअॅक्टर या संकल्पनेवर काम झालं आहे. त्यात लिथियम, थोरियम आणि युरेनियमची फ्लोराइडं एकत्र धरली आहेत. त्याआधीची पायरी म्हणून नायट्रेटचं ६०:४० मिश्रण पंपाविना, फक्त तापमानाच्या फरकावर कसं फिरतं याचे प्रयोगही तिथल्या बंद नळीचक्रात झाले. म्हणजे सौरप्रकल्पाचं मीठ आणि अणुभट्टीचं मीठ एकाच आवारात भेटलं. पण थोरियम आपल्याकडे मुबलक आहे म्हणून भट्टी लगेच होईल असं समजू नये. वाळूतला मोनाझाइट (थोरियम असलेलं खनिज) गोळा करणं हा सोपा भाग. अणुदर्जाचं फ्लोराइड आणि लिथियम-७ मिळवणं हा अवघड भाग.

सध्या कोण किती पुढे आहे?

चीन. गान्सू प्रांतातल्या वूवेईजवळची दोन मेगावॉट औष्णिक क्षमतेची थोरियम मीठभट्टी ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिल्यांदा क्रांतिक झाली (विखंडनाची साखळी स्वतःहून चालू राहू लागली), जून २०२४ मध्ये पूर्ण क्षमतेला पोचली. अमेरिकेत कैरोस पॉवर या कंपनीच्या ओक रिजमधल्या हर्मिस भट्टीला डिसेंबर २०२३ मध्ये बांधकाम परवाना मिळाला. तिथे लिथियम-बेरिलियमचं मीठ फक्त उष्णता वाहतं. लक्षात घेण्याजोगं म्हणजे भट्टीच्या आधी त्यांनी मटेरियन कंपनीबरोबर ओहायोत मीठ शुद्ध करण्याचा कारखाना २०२२ मध्ये सुरू केला.

वायोमिंगमधल्या केमेररला टेरापॉवरचा नेट्रियम प्रकल्प उभा राहतोय. भट्टी द्रव सोडियमची, ३४५ मेगावॉटची, पण तिची उष्णता सोलर सॉल्टच्या टाक्यांत साठवून गरजेला काही तास ५०० मेगावॉट काढायचे अशी योजना.

भट्टी बंद झाल्यावर त्या मिठाचं काय करतात?

नायट्रेटचं उत्तर सोपं आहे: ते पुन्हा गाळून वापरता येतं. किरणोत्सारी फ्लोराइडचं तसं नाही. ओक रिजची भट्टी १९६९ मध्ये थांबल्यावर मीठ निचरा टाक्यांत गोठवून ठेवलं. गोठलेल्या मिठात किरणोत्सारामुळे फ्लोरिन सुटा होतो हे माहीत होतं, म्हणून ते अधूनमधून तापवत, तापवलं की फ्लोरिन परत मिठात जिरतो. तरीही १९९४ मध्ये आढळलं की युरेनियम हेक्झाफ्लोराइड वायूच्या रूपात नळ्यांतून कोळशाच्या गाळणीपर्यंत पोचलं आहे. मग मीठ पुन्हा वितळवून, त्यात फ्लोरिन सोडून बहुतेक युरेनियम काढून घ्यावं लागलं. ते काम २००८ च्या सुमारास संपलं. मीठ अजून त्याच टाक्यांत आहे.